गव्हल्यांच्या गावी पास्ताचे दुकान

चैत्र-वैशाखाच्या उन्हात गच्चीवर धुवट लुगडे पसरून त्यावर गव्हले, मालत्या, नखुल्या आणि सरगुंडे वाळत घालण्याची पद्धत मराठी घरांतून आता बरीच मागे पडली आहे. मात्र पिठाला हाताने आकार देऊन, वाळवून, वर्षभर टिकवण्याची ही विद्या केवळ आपलीच नाही. तांदळाच्या दाण्याएवढ्या गव्हल्यांचे भावंड इटलीत 'ओर्झो' या नावाने ओळखले जाते आणि काडीभोवती गुंडाळून केलेल्या सरगुंड्यांची आठवण यावी असे पास्त्याचे प्रकार दक्षिण इटलीत आजही घरोघरी वळले जातात. गेल्या काही वर्षांत ठाणे, कल्याण आणि डोंबिवलीतील मध्यमवर्गीय स्वयंपाकघरांत पास्ता, पेस्तो, मोझरेला हे शब्द रुळले, त्यामागे जाहिरातींबरोबरच ही ओळखीची चवही असावी. त्यामुळे घरच्या घरी हातबनावटीचे इटालियन पदार्थ करून ते इंटरनेटवरून विकावेत, असा विचार अनेकांच्या मनात येतो. विचार चांगला आहे. परंतु त्यात साठवलेला पैसा तर गुंतलेला असतोच, शिवाय दुसऱ्याच्या पोटाची जबाबदारीही असते. म्हणून हा व्यवसाय नेमका कसा चालतो आणि कुठे फसतो, हे आधी समजून घेतलेले बरे.

आयात नव्हे, पद्धत

'इटालियन' म्हणजे परदेशातून आणलेले, हा पहिला गैरसमज. आयातीच्या व्यवसायाला आयात-निर्यात संकेतांक, केंद्रीय अन्न परवाना, बंदरावरील तपासणी आणि मोठे भांडवल लागते. घरगुती पातळीवर सुरुवात करणाऱ्याने त्या वाटेला न जाणेच शहाणपणाचे. इटालियन खाद्यसंस्कृतीचे मर्म कच्च्या मालाच्या नावापेक्षा तो हाताळण्याच्या पद्धतीत आहे आणि तो कच्चा माल आपल्या अवतीभवती मिळतो.

इटलीत १९६७च्या कायद्याने वाळवलेला पास्ता ड्युरम गव्हाच्या रव्याचाच असावा असे बंधन घातले. हा ड्युरम गहू म्हणजे आपल्याकडचा बन्सी गहू. सातारा, सांगली, कोल्हापूर आणि बेळगाव पट्ट्यात होणारा खपली गहू हा इटलीत 'फार्रो' म्हणून विकल्या जाणाऱ्या गव्हाच्याच जातीचा. पेस्तोसाठी लागणारे बेसिल आणि फालुद्यातला सब्जा ही एकाच वनस्पतीची रूपे असून बेसिल गॅलरीतल्या कुंडीतही वाढते. टोमॅटोसाठी कल्याणहून माळशेज घाट ओलांडला की जुन्नर तालुक्यातील नारायणगावचा बाजार लागतो. आणि मोझरेला? इटलीतील कांपानिया प्रांतातील सर्वांत नावाजलेले मोझरेला म्हशीच्या दुधाचे असते. कल्याणच्या रेतीबंदर परिसरात तबेले आहेत आणि म्हशीचे दूध ही आपल्याकडे नवलाईची वस्तू नाही. गायीच्या दुधापेक्षा म्हशीच्या दुधात स्निग्धांश आणि प्रथिने अधिक असल्याने तेवढ्याच दुधात चीजही अधिक निघते.

अशा प्रयत्नाला मुंबईत यशाचे उदाहरणही आहे. मौसम नारंग यांनी २०१५ मध्ये सुरू केलेल्या 'एलेफ्थेरिया' या छोट्या चीज उद्योगाने बुराटा, मोझरेला अशी ताजी इटालियन चीजे स्थानिक दुधापासून बनवली. २०२१ मध्ये स्पेनमधील ओव्हिएदो येथे झालेल्या जागतिक चीज स्पर्धेत याच उद्योगाच्या 'ब्रुनोस्ट' या चीजला रौप्यपदक मिळाले. ब्रुनोस्ट हा मूळचा नॉर्वेचा प्रकार. चीज करताना उरणारी निवळी आटवून तो बनवतात आणि त्याची चव आपल्या खव्याच्या जवळ जाते. यातून घेण्याजोगा धडा पदकापेक्षा निवळीचा आहे. इटलीत रिकोटा निवळीपासूनच निघाला आणि बुराटा हा प्रकारही मोझरेलाचे उरलेले तुकडे सायीत भिजवून वापरण्यातून आला. कारागिराच्या धंद्यात टाकाऊ काही नसते. जो उरलेल्या मालाचा विचार करत नाही, त्याचा नफा मोरीत वाहून जातो.

काय विकावे, काय विकू नये

नवीन दुकानाची यादी लांबलचक असते. दहा प्रकारचे पास्ते, पाच सॉस, चार चीजे, बिस्किटे, ब्रेड. यादी जितकी लांब तितका शिळा माल अधिक. डोंबिवलीच्या पोळी-भाजी केंद्रांनी अनेक वर्षांपूर्वी दिलेला पाठ इथे लक्षात ठेवावा. ठरलेले मोजके पदार्थ, रोज ताजे, जवळच्या माणसांसाठी आणि तेही ठरलेल्या वेळी. नोकरीसाठी सकाळची लोकल गाठणाऱ्या कुटुंबांनी या केंद्रांवर विश्वास टाकला तो विविधतेमुळे नव्हे, नेमस्तपणामुळे.

टिकाऊपणाच्या दृष्टीने पदार्थांचे तीन गट करता येतात. पहिला कोरड्या मालाचा : वाळवलेला पास्ता, बिस्कोत्ती, ग्रिसिनी. दुसरा आंबट आणि शिजवलेल्या मालाचा, म्हणजे मुख्यतः टोमॅटोचे सॉस. तिसरा ओल्या, नाशवंत मालाचा : ताजे मोझरेला, रिकोटा, ताजा पास्ता, पेस्तो. सुरुवात पहिल्या गटापासून करावी, जम बसल्यावर दुसऱ्याकडे जावे आणि शीतपेटी, बर्फाच्या पिशव्या व तासाभरात पोहोचणारा माणूस यांची व्यवस्था झाल्याशिवाय तिसऱ्याला हात लावू नये.

पहिला गटही वाटतो तेवढा सोपा नाही. वाळलेल्या पास्त्यात ओलावा साडेबारा टक्क्यांपेक्षा अधिक नसावा, असे इटालियन नियम सांगतो. एप्रिलमध्ये डोंबिवलीच्या गच्चीवर हे साधेल. मात्र जुलैच्या दमट हवेत बाहेरून वाळलेला पास्ता आतून ओला राहतो आणि पाकिटात आठवडाभरात बुरशी धरतो. आपल्या आज्या वर्षभराची वाळवणे पावसाळ्यापूर्वी उरकत, त्यामागे हेच शास्त्र होते. बारमाही विक्री करायची असेल तर पंखा असलेले विजेवरचे वाळवणयंत्र हवे आणि त्याच्या वीजबिलाचा विचार किमतीत व्हायला हवा.

लोणच्याचा न्याय पेस्तोला लागत नाही

या व्यवसायातील सर्वांत गंभीर धोका तेलात बुडवलेल्या पदार्थांचा आहे. 'आमच्या घरी कैरीचे लोणचे वर्षभर टिकते, मग तेलातला लसूण किंवा पेस्तो का टिकणार नाही?' हा तर्क सहज सुचतो आणि तो घातक आहे. लोणचे केवळ तेलामुळे टिकत नाही. त्यात भरपूर मीठ असते आणि कैरीची किंवा लिंबाची आंबटाई असते. तेल फक्त हवा अडवते. लसूण, बेसिल यांत आंबटपणा जवळजवळ नसतो आणि पेस्तोत मीठही बेताचेच असते. अशा पदार्थातली हवा तेलाने अडवली की, बोटुलिझम ही प्राणघातक विषबाधा घडवणाऱ्या जिवाणूला हवी तशी जागा मिळते. हा जिवाणू हवेविना वाढतो. त्याच्या विषाने पदार्थाचा रंग, वास किंवा चव बदलेलच असे नाही, म्हणून चाखून खात्री करता येत नाही.

या जिवाणूची वाढ रोखणारी सीमारेषा सामू ४.६ ही मानली जाते. पदार्थाचा सामू त्याच्या खाली, म्हणजे पदार्थ पुरेसा आंबट असेल, तर हा धोका टळतो. टोमॅटो या रेषेच्या काठावर असतो. काही जाती खाली, काही थोड्या वर. त्यामुळे बाटलीबंद सॉसमध्ये लिंबाचा रस किंवा सायट्रिक आम्ल मोजून घालणे आणि प्रत्येक घाण्याचा सामू मापकाने तपासून वहीत नोंदणे हा चवीचा नव्हे, सुरक्षिततेचा भाग आहे. पेस्तो आणि तेलातला लसूण बाटलीत भरून बाहेरच्या तापमानात विकूच नयेत. ते गोठवून, थोड्या दिवसांच्या मुदतीने आणि 'शीतपेटीत ठेवा' अशा ठळक सूचनेसह द्यावेत. 'किती दिवस टिकेल' याचे उत्तर अंदाजाने न देता मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतून तपासून घ्यावे. त्याला खर्च येतो, पण एका विषबाधेची किंमत त्याहून कितीतरी मोठी असते.

हिशेब : एक बाटली आणि तीन बाटल्या

आता पैशाकडे वळू. पुढील आकडे उदाहरणादाखल घेतले आहेत. प्रत्येकाने आपल्या बाजारभावाने ते बदलून पाहावेत. समजा, टोमॅटो सॉसची २५० ग्रॅमची बाटली १८० रुपयांना विकायची आहे. टोमॅटो आटतात, म्हणून एका बाटलीला ६०० ग्रॅम धरले आणि भाव ३० रुपये किलो असला, तर १८ रुपये. ऑलिव्ह तेल १८, लसूण-बेसिल-मीठ ८, बाटली व झाकण १६, लेबल ३, गॅस-वीज-पाणी ६. बेरीज ६९. दिवसाला ४० बाटल्या होत असतील आणि दिवसाची मजुरी ६०० रुपये धरली, तर बाटलीमागे आणखी १५. ही मजुरी स्वतःची असली तरी धरावीच, कारण स्वतःचे श्रम फुकट मोजणारा धंदा नफ्यात आहे की तोट्यात हे कधीच कळत नाही. फुटतूट आणि चाखण्यासाठी दिलेले नमुने यांचे ४ रुपये मिळवले की एकूण ८८ रुपये.

ग्राहकाने एकच बाटली मागवली तर खोके व भराव १५, पोहोचवण्याचे ५० आणि पैसे स्वीकारणाऱ्या गेटवेचे दोन टक्क्यांप्रमाणे सुमारे ४. एकूण खर्च १५७, शिल्लक २३ रुपये. त्याच ग्राहकाने तीन बाटल्या मागवल्या तर माल २६४, खोके २०, पोहोचवणे तेच ५०, गेटवे ११. एकूण ३४५. विक्री ५४०, शिल्लक १९५ रुपये. संकेतस्थळ, शीतकपाटाची वीज आणि जाहिरात यांचा ठरावीक मासिक खर्च ६,००० रुपये धरला, तर तो भरून काढायला तीन-तीन बाटल्यांच्या ३१ मागण्या पुरतात. एकेक बाटलीच्या मात्र २६१ मागण्या लागतात. ऑनलाइन दुकानाचे गणित किमतीपेक्षा एका खेपेत किती माल जातो यावर उभे असते, ते असे. म्हणून सुटी बाटली विकण्याऐवजी पास्ता, सॉस आणि बिस्कोत्ती यांचा संच करावा किंवा एका गृहसंकुलातील मागण्या एकत्र करून आठवड्यातून एकदा पोहोचवाव्यात.

दुसरा धोका भावांचा. २०२३च्या जुलैमध्ये टोमॅटोने शंभरी ओलांडली होती. भाव १२० रुपये झाला तर वरच्या उदाहरणात बाटलीमागे ५४ रुपयांचा बोजा वाढतो. मग एका बाटलीच्या मागणीवर ३१ रुपये तोटा होतो आणि तीन बाटल्यांवरही अवघे ३३ रुपये उरतात. उपाय दोनच : स्वस्ताईच्या हंगामात गर करून गोठवून ठेवणे किंवा भाव चढल्यावर सॉस सरळ यादीतून काही काळ काढून टाकणे. 'सध्या उपलब्ध नाही' असे लिहिण्याची लाज वाटू नये. कारागिराच्या दुकानात ते प्रामाणिकपणाचे लक्षण ठरते.

परवाने आणि पाकिटावरची अक्षरे

२००६चा अन्न सुरक्षा व मानके कायदा ५ ऑगस्ट २०११ पासून अमलात आला. त्यानुसार घरातून खाद्यपदार्थ विकणाऱ्यालाही नोंदणी किंवा परवाना आवश्यक आहे. कोणाला नोंदणी पुरते आणि कोणाला राज्याचा वा केंद्राचा परवाना लागतो हे उलाढालीवर आणि व्यवसायाच्या प्रकारावर ठरते. या मर्यादा वेळोवेळी बदलल्या जातात, दुग्धपदार्थांसाठी निकष वेगळे असतात आणि ऑनलाइन विक्री हाही स्वतंत्र प्रकार मानला जातो. म्हणून अर्जापूर्वी प्राधिकरणाच्या 'फॉसकॉस' पोर्टलवर आपला प्रकार नीट तपासावा. मिळालेला १४ अंकी क्रमांक पाकिटावर छापावा लागतो.

वस्तू व सेवा कराबाबत एक गोष्ट ध्यानात ठेवावी. राज्यातल्या राज्यात माल विकणाऱ्याला उलाढालीच्या मर्यादेपर्यंत नोंदणीतून सूट मिळते, पण परराज्यात एकही पाकीट विकायचे तर ती सूट उरत नाही. ठाणे-कल्याणपुरती सुरुवात करण्याचा हा आणखी एक फायदा. २२ सप्टेंबर २०२५ पासून पास्ता, चीज आणि सॉस यांवरील कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आहे. सूक्ष्म उद्योगांसाठीची 'उद्यम' नोंदणी विनामूल्य आहे. मोजके कामगार असलेल्या लहान आस्थापनेला महाराष्ट्राच्या २०१७च्या कायद्यानुसार केवळ सूचना द्यावी लागते. घरगुती वापराचा १४.२ किलोचा गॅस सिलिंडर मात्र धंद्यासाठी वापरता येत नाही. त्यासाठी १९ किलोचा व्यावसायिक सिलिंडर घ्यावा. गृहनिर्माण संस्थेला आधीच विश्वासात घेतलेले चांगले. तक्रार झाल्यावर परवानगी मागण्यापेक्षा ते सोपे पडते.

पाकिटावर घटक, निव्वळ वजन, कमाल किरकोळ किंमत, उत्पादनाची व वापराची मुदत, निर्मात्याचा पत्ता, शाकाहाराचे हिरवे चिन्ह आणि गहू, दूध, सुकामेवा यांसारख्या ॲलर्जीकारक घटकांचा उल्लेख हवा. ऑनलाइन ग्राहक पाकीट हातात घेऊन पाहू शकत नाही, म्हणून यातील बहुतेक माहिती संकेतस्थळावरही द्यावी लागते. २०२०च्या ई-कॉमर्स नियमांनुसार तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याच्या आत करणे अपेक्षित आहे.

शाकाहाराचा मुद्दा आपल्या भागात विशेष नाजूक आहे. इटलीतील मूळ पार्मिज्यानो रेज्यानो चीज वासराच्या जठरातील विकराने विरजतात. त्यामुळे ते काटेकोर अर्थाने शाकाहारी नाही. पेस्तोत कोणते चीज वापरले आणि ते सूक्ष्मजीवजन्य विकराचे आहे का, हे विचारून घेऊनच हिरवे चिन्ह लावावे. शिवाय हे नाव युरोपात भौगोलिक मानांकनाने संरक्षित आहे. स्थानिक चीजला ते नाव देणे म्हणजे पैठणी नसलेल्या साडीला पैठणी म्हणण्यासारखेच आहे. 'इटालियन पद्धतीचे कठीण चीज' असे लिहिल्याने विक्री घटत नाही. 'अस्सल', 'नैसर्गिक', 'पारंपरिक', 'घरगुती' अशा विशेषणांवरही २०१८च्या दावे व जाहिरातविषयक नियमांनी मर्यादा घातल्या आहेत.

दारापर्यंतचा प्रवास

भिवंडीच्या गोदामांतून देशभर माल रवाना होतो, त्या जाळ्याचा लाभ कोरड्या पास्त्याला मिळू शकतो. ओल्या मालाचे तसे नाही. ५ ते ६० अंश सेल्सिअस या तापमानात जिवाणू झपाट्याने वाढतात आणि आपल्याकडची दुपार वर्षभर याच टप्प्यात असते. मोझरेलाचे पाकीट शिळफाट्याच्या कोंडीत दीड तास अडकले, तर त्याचे काय होते हे ग्राहकाला नंतर कळते. पावसाळ्यात तर रस्ते आणि रेल्वे दोन्हींचा भरवसा नसतो. २०१९च्या जुलैमध्ये बदलापूर-वांगणीदरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पुरात अडकल्याचे वाचकांना आठवत असेल. म्हणून नाशवंत माल ठरावीक दिवशी, सकाळच्या वेळी आणि मोजक्या पिनकोडपुरताच द्यावा. अतिवृष्टीचा इशारा असेल त्या दिवशी मागण्या बंद ठेवून पैसे परत करण्याची तयारी असावी.

संकेतस्थळाबद्दल अनेकांना उगाच धास्ती वाटते. सुरुवातीला सहा-सात वस्तू, स्पष्ट छायाचित्रे, वजन, किंमत, पोहोचवण्याचे दिवस आणि पैसे देण्याची सोय एवढे पुरते. खर्चिक सजावटीपेक्षा प्रत्येक पदार्थाखाली तो कसा शिजवावा याच्या चार ओळी मराठीत लिहिल्या तर त्या अधिक उपयोगी पडतात. पास्ता उकळत्या पाण्यात किती मिनिटे ठेवावा, पाण्यात मीठ किती घालावे, उकळल्यावर थंड पाण्याने का धुऊ नये, हे ज्याने समजावून सांगितले त्याच्याकडे ग्राहक पुन्हा येतो. पहिली मागणी कुतूहलाने येते. दुसरी आली नाही तर दुकान चालत नाही.

शंभर दिवसांची परीक्षा

नोकरी सोडून, दागिने गहाण ठेवून या व्यवसायात उडी घेण्याचे काहीच कारण नाही. तीन पदार्थ, एक परिसर आणि शंभर दिवस एवढीच मर्यादा घालून सुरुवात करावी. नोंदणी पहिल्याच दिवशी असावी, कारण ती मोठ्या दुकानापुरती औपचारिकता नाही. रोज तीन गोष्टी लिहाव्यात : किती माल केला, किती विकला, किती टाकला. शंभर दिवसांनी केलेल्या मालापैकी किती टक्के फेकला गेला आणि किती ग्राहक दुसऱ्यांदा आले, या दोन आकड्यांवरून पुढे जायचे की थांबायचे हे ठरवता येते. फेकलेला माल वाढत असेल तर यादी कमी करावी. ग्राहक परतत नसतील तर चव, वेळ किंवा किंमत यांपैकी काय चुकते ते त्यांनाच विचारावे. दोन्ही सुधारत नसेल तर थांबण्यात कमीपणा नाही. शंभर दिवसांत गेलेली रक्कम सोसण्यासारखी असते, तीन वर्षांत गेलेली नसते.

ज्यांचे आकडे जुळतील, त्यांच्यापुढे वाट मोकळी आहे. बन्सीचा रवा, नारायणगावचा टोमॅटो, म्हशीचे दूध आणि वळवटे वळलेल्या हातांचे कसब ही सामग्री या परिसराला परकी नाही. तिला शिस्तीची, वहीतल्या नोंदीची आणि ग्राहकाशी खरे बोलण्याची जोड मिळाली, तर पास्त्याचे दुकान गव्हल्यांच्या गावी चालायला हरकत नाही.